खोक्यावरच्या चिन्हामागचा माणूस

हेडफोनच्या खोक्यावर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. १६, ३२, कधी ८०, कधी २५० किंवा ३००. आकड्यापुढे घोड्याच्या नालेसारखे दिसणारे एक चिन्ह. बहुतेक जण ते न वाचताच खोके माळ्यावर टाकतात. जे वाचतात, त्यांच्यातले काही जण माझ्यासारख्या डॉक्टरला विचारतात, की हेडफोन तीनशेचा आहे, मोबाइलवर आवाज बारीक येतो, तर टेबलावर ठेवायचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, स्वस्तातला चालेल का आणि कानाला काही होणार तर नाही ना.

डॉक्टरला विचारायचा प्रश्न खरे तर शेवटचाच. पण या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच माणूस आहे. शाळेत त्याचा नियम आपण पाठ केला आणि परीक्षा संपल्यावर विसरलो. तो जॉर्ज सायमन ओहम. विजेच्या नियमामुळे त्याचे नाव जगभर झाले, मात्र त्याने कानाविषयीही एक नियम मांडला होता, हे आम्हा डॉक्टरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात एर्लांगेन या गावी. वडील कुलपे तयार करणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात मुलांपैकी तीनच जगली. ओहम दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांना शाळेचे शिक्षण फारसे मिळाले नव्हते, पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान वाचले आणि दोन्ही मुलांना घरीच शिकवले. दोघेही पुढे नावाजले गेले. धाकटा मार्टिन गणितज्ञ झाला. लंगस्डोर्फ नावाच्या प्राध्यापकाने पंधरा वर्षांच्या जॉर्जची तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा त्याला या घरातल्या भावंडांमध्ये बर्नुली बंधूंची आठवण झाली.

१८०५ मध्ये ओहम एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याला नृत्य, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड यांची गोडी लागली. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या बापाला हे सहन होणे शक्य नव्हते. तीन सत्रांनंतर त्यांनी मुलाला विद्यापीठातून काढले आणि ओहम स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. फावल्या वेळात त्याचे स्वतःचे वाचन चालू होतेच. १८११ मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली, विद्यापीठात तीन सत्रे शिकवले. पण त्या पगारात भागेना. मग बांबेर्ग गावातल्या एका सुमार शाळेत नोकरी. ती शाळाही १८१६ मध्ये बंद पडली. पुन्हा दुसऱ्या, खच्चून भरलेल्या शाळेत मास्तरकी.

त्याच्या आयुष्यातले पहिले मोकळे दार उघडले ते १८१७ मध्ये. भूमितीवरचे त्याचे पुस्तक प्रशियाच्या राजापर्यंत पोहोचले आणि त्याला कोलोनच्या शाळेत जागा मिळाली. या शाळेत उपकरणांनी सज्ज अशी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती. कुलपे घडवणाऱ्याचा हा मुलगा, हातात हत्यार धरायची सवय लहानपणापासूनची. उपकरणे तो स्वतःच बनवू लागला.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिले होते, की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे विजेचा प्रवाह मोजायला एक साधन हाती आले. त्याआधी काय होते? इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने ओहमच्याही आधी वेगवेगळ्या द्रावणांचा विद्युतरोध मोजला होता, आणि त्याचे मोजमापाचे यंत्र होते त्याचे स्वतःचे शरीर. विजेचा धक्का हातात कुठवर जाणवतो, यावरून तो अंदाज बांधी. नियमाच्या तो अगदी जवळ पोहोचला होता, पण छापले काहीच नाही. त्याची टिपणे मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ओहमचेही निधन होऊन पंचवीस वर्षे झाली होती.

ओहमचा पहिला प्रयत्न मात्र फसला. १८२५ मध्ये घाईने छापलेल्या निबंधातले त्याचे सूत्र चुकीचे होते. दोष त्याच्या बॅटरीचा होता. त्या काळच्या घटांचा दाब क्षणाक्षणाला बदलायचा, त्यामुळे एकच तार दोनदा मोजली की दोन उत्तरे. ज्या नियतकालिकात निबंध छापला, त्याचा संपादक पोगेनडॉर्फ याने सुचवले, की बॅटरी सोडा आणि झेबेकने नुकतीच शोधलेली युक्ती वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करायचे, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. तापमान स्थिर, म्हणून दाबही स्थिर. ओहमने तांबे आणि बिस्मथ घेतले. सारख्याच जाडीच्या, पण दोन इंचांपासून १३० इंचांपर्यंत वाढत जाणाऱ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या आणि सूची किती वळते ते मोजले. १८२६ मध्ये त्याला बरोबर सूत्र सापडले.

हे सूत्र आपण शाळेत शिकतो तसे नव्हते, आणि हेडफोनवाल्यांसाठी नेमका तोच भाग मोलाचा आहे. शाळेत आपण शिकतो की दाब भागिले रोध म्हणजे धारा. ओहमच्या मूळ सूत्रात भागाकाराच्या खाली दोन पदे होती. एक बाहेर जोडलेल्या तारेचे, आणि दुसरे उरलेल्या मंडळाचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या साधनाचे स्वतःचे. वीज देणाऱ्याच्या पोटातही रोध असतो, आणि तो हिशेबात धरला नाही तर उत्तर चुकते.

आता टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हेडफोनचा रोध म्हणजे ओहमची बाहेरची तार. अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध हे दुसरे पद; माहितीपत्रकात त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. हेडफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. खोक्यावर ३२ लिहिलेला हेडफोन खर्जाच्या एखाद्या पट्टीत ६४ पर्यंत चढू शकतो. अशा हेडफोनला १०० ओहम अंतर्गत रोध असलेले यंत्र जोडले, तर त्या पट्टीतला आवाज बाकीच्यांपेक्षा सुमारे ४ डेसिबलने फुगतो. ढोल उगाचच दणदणू लागतो. तेच यंत्र १ ओहमचे असेल तर फरक ०.१३ डेसिबल, म्हणजे कानाला न कळणारा. म्हणून जाणकारांनी एक ढोबळ आडाखा ठरवला आहे : यंत्राचा अंतर्गत रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. ३२ च्या हेडफोनला ४ ओहमच्या आतला. स्वस्त यंत्रांतही आज हे सहज मिळते. माहितीपत्रकात हा आकडा दिलाच नसेल, तर मी तरी ते यंत्र घेणार नाही.

ओहमकडे परत येऊ. शाळेने त्याला अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा दिली. तो बर्लिनला भावाकडे जाऊन राहिला आणि १८२७ मध्ये त्याचे मुख्य पुस्तक तिथेच प्रसिद्ध झाले. विजेच्या मंडळाची संपूर्ण गणिती मांडणी त्यात होती. उष्णता धातूतून कशी वाहते याचे फूरिएने केलेले गणित त्याने डोळ्यांपुढे ठेवले होते. या पुस्तकामुळे विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल, अशी त्याची आशा होती.

झाले उलटेच. बर्लिनच्या विद्वत्तेवर तेव्हा हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा पगडा होता. निसर्गाला गणिताच्या सूत्रात कोंबणे तिथल्या अनेकांना रुचत नसे. पोल नावाच्या समीक्षकाने पुस्तक झोडपून काढले. ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. वय एकोणचाळीस, हाती पद नाही. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये शिकवण्या आणि लष्करी शाळेतले तास यांवर गेली. बाजू घेणारे थोडे होते. त्यातला एक गुस्ताव फेचनर. त्याने स्वतः प्रयोग करून १८३१ मध्ये ओहमचा नियम पडताळून पाहिला. याच फेचनरने पुढे संवेदनांच्या मोजमापाचे शास्त्र उभे केले. ध्वनीची ऊर्जा दहापट केली तरी कानाला तो दहापट मोठा वाटत नाही, कान गुणाकाराला बेरजेसारखे ऐकतो, हा विचार त्याच वाटेवरचा. डेसिबलची मोजपट्टी नेमकी याच पद्धतीने चढते, आणि तिथेच लोकांचा गोंधळ होतो.

तो गोंधळ एका हिशेबाने दूर करू. मोबाइलला किंवा संगणकाला जोडायचे साधे डोंगल साधारण १ व्होल्ट देते असे धरा. ओहमच्या नियमाने, ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलिवॅट मिळतात आणि ३०० ओहमच्या हेडफोनला फक्त ३.३. तीनशेवाल्याला आवाज बारीक का वाटतो, ते यावरून कळते. पण आता संवेदनशीलता पाहा. हा आकडाही खोक्यावर असतो. समजा दोन्ही हेडफोन १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारे आहेत. मग बत्तीसचा हेडफोन ११५ डेसिबलपर्यंत जातो आणि तीनशेचा १०५ पर्यंत. दहापट कमी वीज मिळूनही फरक दहाच डेसिबलचा, आणि १०५ हा आकडा काही बारीक नव्हे.

कारखान्यांच्या आरोग्यशास्त्रात ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. गाणी ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अधिक कडक आहे : प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, लहान मुलांना ७५ चे.

मग अ‍ॅम्प्लिफायर लागतो कुणाला? संगीताची सरासरी पातळी ७५ असली, तरी तबल्याची थाप किंवा वाद्यमेळाचा कडेलोट क्षणभर वीसेक डेसिबल वर उसळतो. ती उसळी कापली गेली तर आवाज फाटतो. त्या जागेपुरती शक्ती हाताशी हवी. चांगल्या पुरवठ्यावर बहुतेक ३२ ओहमच्या हेडफोनांना ती आधीच मिळते. ज्यांचा रोध जास्त आणि संवेदनशीलता कमी, त्यांना मिळत नाही. दुसरा प्रकार प्लॅनर जातीच्या हेडफोनांचा. त्यांचा रोध कमी असतो, पण काहींची संवेदनशीलता ९० च्या आसपास. ११० ची उसळी हवी तर त्यांना १०० मिलिवॅट लागतात, म्हणजे ३२ ओहमला १.८ व्होल्ट आणि ५६ मिलिअँपिअर. नुसता ओहमचा आकडा पाहून निर्णय घेणारे इथे फसतात. दोन्ही आकडे लागतात.

काही तरुण रुग्ण सांगतात की आवाज आता पुरत नाही, म्हणून यंत्र घ्यायचे आहे. हेडफोन तोच, मोबाइल तोच, सहा महिन्यांपूर्वी पुरत होता. अशा वेळी मी आधी श्रवणचाचणी करून घ्यायला सांगतो. जास्त आवाजाने झालेल्या बहिरेपणात आलेखावर ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडते, आणि ती माणसाला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी पडते. रात्री शांततेत कानात शिट्टी वाजत असेल, मैफलीनंतर कान भरल्यासारखे वाटत असतील, तर ती चाचणी यंत्राच्या आधी.

ओहमचा दुसरा नियम इथेच उपयोगी पडतो. १८३३ मध्ये त्याला न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली होती. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले, तेव्हा कुठे मायदेशातल्या लोकांनी मान वळवली. त्याचे वय होते बावन्न. आणि १८४३ मध्ये हा माणूस विजेवरून कानाकडे वळला.

त्याने मांडले ते असे. कोणताही गुंतागुंतीचा स्वर हा अनेक साध्या स्वरांची बेरीज असतो, आणि कान ती बेरीज सोडवून घटक स्वर वेगवेगळे ऐकतो. तंबोऱ्याच्या तारेतून गंधार ऐकू येतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही; ओहमने त्याला गणित दिले. ऑगस्ट झेबेक नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने लगेच विरोध केला. सायरनच्या प्रयोगांत मूळ स्वर जवळजवळ नसतानाही कानाला तो ऐकू येतो, हे त्याने दाखवले. योगायोग असा, की ज्या झेबेकच्या शोधामुळे ओहमचा विजेचा नियम हाती लागला, त्याचाच हा मुलगा. वाद कडू झाला. झेबेक १८४९ मध्ये वारला आणि ओहमने हा विषय पुढे वाढवला नाही.

तो वर काढला हेल्महोल्ट्झने. हा मूळचा डॉक्टर, प्रशियाच्या सैन्यातला सर्जन. १८६३ च्या त्याच्या ग्रंथात ओहमचा नियम पाया म्हणून आला आणि आतल्या कानातल्या शंखासारख्या अवयवात ही बेरीज सुटत असावी, असे त्याने सुचवले. पुढे बेकेसीने त्या शंखातल्या पडद्यावरून ध्वनीची लाट कशी जाते ते प्रत्यक्ष पाहिले आणि त्याबद्दल त्याला १९६१ चे नोबेल मिळाले. उंच स्वर शंखाच्या बुडाशी, खर्ज टोकाशी. झेबेकही अगदीच चुकला नव्हता. जुन्या टेलिफोनवर पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर तारेतून येतच नसे, तरी आपण तो जाड आवाज ओळखायचो. उरलेल्या घटकांवरून मेंदू तो भरून काढतो.

हे विश्लेषण ज्यांच्यावर चालते त्या केसपेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आणि याच नियमामुळे खर्चही वाचतो. यंत्राची विकृती म्हणजे मूळ स्वरांत नसलेले जादा घटक स्वर. ते पुरेसे क्षीण असतील तर शेजारच्या मोठ्या स्वराखाली झाकले जातात. माहितीपत्रकातली विकृती एक हजारांश टक्का आहे की दहा हजारांश, हे मोजणाऱ्या यंत्राला कळते, संगीत ऐकणाऱ्या कानाला नाही. त्यासाठी चौपट पैसे मोजणे मला पटत नाही. त्यापेक्षा कमी गेनचे बटण आहे का ते पाहा. ते असेल तर आवाजाची कळ हळूहळू चढवता येते, थोडी फिरवताच कानठळ्या बसत नाहीत. दोन्ही कानांचा आवाज कळीच्या सुरुवातीलाही सारखा येतो का ते दुकानातच ऐका. यंत्र चालू करताना धप्प आवाज होतो का, तेही तिथेच तपासा. होत असेल तर हेडफोन नंतर चढवा. शिवाय मोबाइल आपल्याला ज्या सूचना देतो, की आवाज धोक्याच्या वर आहे, आठवड्याचा वाटा संपला, त्या टेबलावरचे यंत्र देत नाही. मधे ते आले, की मोबाइलचा हिशेबही निरर्थक होतो. मग राखण आपली आपण करायची : शांत खोलीत, कळ शून्यावरून चढवत, पुरेसे ऐकू आले की थांबायचे आणि तिथे पेन्सिलची खूण करायची.

१८४९ मध्ये ओहमला म्युनिकला बोलावणे आले, विज्ञान अकादमीच्या उपकरणसंग्रहाचा प्रमुख म्हणून; सोबत विद्यापीठात व्याख्याने. तरुणपणापासून ज्याची वाट पाहिली ते भौतिकशास्त्राचे अध्यासन त्याला १८५२ मध्ये मिळाले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ते त्याला दोन वर्षेच लाभले. त्याने लग्न केले नव्हते. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये तो वारला.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले. त्याच्या नावाचे आद्याक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसते, तीनशेचे तीन हजार व्हायचे. म्हणून आकड्यापुढे ग्रीक ओमेगा लिहितात.